मदत हवी आहे: घरभर गजकर्ण, ट्यूबने उलट वाढलं

नमस्कार. आम्ही नागपूरला, मानेवाड्याकडे राहतो. जूनपासून घरात गजकर्णाने ठाण मांडलंय. आधी यांच्या जांघेत, मग माझ्या कमरेला, आता सासूबाईंच्या पाठीवर. पाऊस लागला तरी उकाड्यामुळे कूलर चालूच, हवा इतकी दमट की चादरी दोन-दोन दिवस वाळत नाहीत.

यांनी मेडिकलमधून (दुकान हो, आपलं सरकारी मेडिकल हॉस्पिटल नाही) एक ट्यूब आणली. चार दिवसांत खाज गायब! बंद केली की आठवड्यात दुप्पट. असं तीनदा झालं. गोल कडा जाऊन सगळं पसरट लाल दिसायला लागलं. शेवटी मुलीने ट्यूबवरची बारीक अक्षरं मोबाईलवर मोठी करून वाचली, तर त्यात क्लोबेटासॉल. तगडं स्टेरॉइड! खाज दबून राहिली होती अन् खाली गजकर्णाची बुरशी मजेत वाढत होती. असली मलमं चिठ्ठीवरच द्यायची असा नियम २०१८ मध्येच कडक झालाय, पण आम्हाला कुणी चिठ्ठी विचारली नाही.

मग यांनी एका डॉक्टरांकडून महिनाभर टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध घेतलं. ढिम्म फरक नाही. आता त्वचारोगतज्ज्ञांनी चट्टा खरवडून केओएच तपासणी केली, बुरशीचे धागे दिसले. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी (नाव २०२० मधलं, त्यात 'इंडो' आपलाच!) बरेचदा टर्बिनाफिनला दाद देत नाही, असं वाचलं. यांना आता इट्राकोनॅझोल, हे बुरशीवरचंच दुसरं औषध दिलंय.

विचारायचं हे, की पूर्ण जायला तुम्हाला किती दिवस लागले? आणि हे म्हणतात, तीच चिठ्ठी तिघांना चालवू. सासूबाईंना शुगर आणि कोलेस्टेरॉल, दोन्हीच्या गोळ्या आहेत. देऊ का?

प्रतिसाद: संत्राबर्फी
अजिबात देऊ नका बाप्पा! कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत इट्राकोनॅझोल जमत नाही. सिम्व्हास्टॅटिन तर नाहीच, स्नायूंना इजा होऊ शकते. हृदय कमजोर असेल तरी धोका. त्यांच्या सगळ्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रतिसाद: कूलरवाली
आम्हाला अडीच महिने लागले. तीन आठवड्यांत चट्टे गेले म्हणून मी सोडलं, तर परत उगवले. कॅप्सूल जेवणानंतरच घ्यायची. ॲसिडिटीची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना सांगा, औषध नीट शोषलं जात नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात, ऊन नसेल तर उलटे करून इस्त्री. आणि घरातल्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी, नाहीतर एकाचं बरं होईस्तोवर दुसरा परत देतो.

धागाकर्ती
सासूबाईंची पट्टी पाहिली, ॲटोर्व्हास्टॅटिन आहे. त्यावर 'माझ्या पाठीला हळद पुरे' म्हणून राहिल्या. उद्या सकाळी मेयो हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत नेते. ट्यूब डब्यात टाकली. यांनी एक लपवून ठेवली होती, तीही सापडली.