पहाटेची शिफ्ट, सात महिन्यांची मुलगी आणि घर... न्यूजमधल्या आया कसं जमवतात?

बुलेटिनवाली:
मैत्रिणींनो, जरा मोकळेपणाने सांगा. मी मुंबईत एका मराठी न्यूज चॅनेलला आउटपुटला, म्हणजे बुलेटिन ऑन एअर नेणाऱ्या डेस्कला, प्रोड्युसर आहे, मॅटर्निटी लीव्ह संपवून परत जॉइन झालेय, मुलगी सात महिन्यांची. शिफ्ट पहाटे पाचची म्हणजे साडेतीनला पिकअपची गाडी डोंबिवलीत दारात, गेल्या गेल्या सातच्या बुलेटिनचा रनडाउन (बातम्यांचा क्रम), मग ब्रेकिंग, फोनो (रिपोर्टर फोनवरून लाइव्ह), कोणाची बाइट म्हणजे प्रतिक्रिया आली का, पॅकेज म्हणजे तयार स्टोरी कट झाली का. कागदावर दोनला सुटते पण काही मोठं घडलं की चार वाजतातच. सासूबाई साताऱ्याहून येऊन राहिल्यात, मनापासून करतात पण त्यांचे गुडघे दुखतात. नवरा आयटीत, रात्री त्याचे अमेरिकेचे कॉल, तो झोपायला जातो तेव्हा मी उठते, आठवडा आठवडा नीट बोलणं होत नाही. आता संपादक म्हणतायत डिजिटल डेस्कला, म्हणजे वेबसाइट-सोशल मीडियाला ये, दहा ते सहा फिक्स. पण मग संध्याकाळचं जे बुलेटिन मला मिळणार होतं ते गेलं. २०२४ मध्ये ४ जूनला लोकसभेच्या आणि २३ नोव्हेंबरला विधानसभेच्या, दोन्ही निकालांना मी पीसीआरमध्ये (स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये) होते, ते काम मला जिवापाड आवडतं हो. काय करू?

ओबीवाली:
अगं डिजिटल घे, पण तोंडी नको. किती महिन्यांसाठी आणि नंतर आउटपुटला परत, हे मेलवर मागून घे. मी पॉलिटिकल बीट करायचे, मंत्रालय, विधानभवन, आणि डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन, मुलगा वर्षाचा नव्हता तेव्हा आईला आणि त्याला घेऊन नागपूरला भाड्याच्या खोलीत राहिले. दिवसभर लाइव्ह, रात्री तो जागा. पुढच्या वर्षी असाइनमेंट डेस्क (ऑफिसात बसून रिपोर्टरना कामं लावणारा) मागितला तर सगळे म्हणाले संपलं हिचं फिल्ड. नाही संपलं, तीन वर्षांनी परत कॅमेरा युनिट घेऊन बाहेर पडले, कारण मधल्या काळात सोर्सेसना फोन करणं मी सोडलं नव्हतं. तूही रनडाउनवर नजर ठेव, निकालाच्या दिवशी स्वतःहून ड्युटी माग. बाळाची पहिली दोन वर्षं आणि करिअरची तीस, दोन्ही तुझीच आहेत.

एचआरमधली ताई:
न्यूजमधली नाही पण हे माहीत असू दे. मॅटर्निटी बेनिफिट कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय बाळाला पाजायला दोन नर्सिंग ब्रेक, हे तर आधीपासूनच आहे. रजेनंतर घरून काम करायची तरतूदही आहे, कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोघांचं ठरलं तर. शिवाय महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि ने-आण, सुरक्षितता मालकाने बघायची. म्हणजे पाचची शिफ्ट तुझ्या संमतीशिवाय लावताच येत नाही. पाळणाघराचं सगळ्या आयांनी मिळून लेखी विचारा, एकटीने विचारलं की विषय बाजूला पडतो.

अँकरचा नवरा:
ताई, राग मानू नका. तुमच्या पोस्टमध्ये सासूबाईंचे गुडघे आहेत, संपादक आहेत, पण नवऱ्याने काय करायचं याचं एक वाक्य नाही. माझी बायको रात्री नऊचं बुलेटिन करते, घरी यायला साडेअकरा होतात. संध्याकाळी सहापासून मुलगी माझी, वरणभात, अभ्यास, झोपवणं सगळं. मी ऑफिसात सांगून टाकलं की सहा ते नऊ मीटिंग घेणार नाही, थोडी कुरकुर झाली मग सवय झाली. गावाकडून नातेवाईक बोलले, बाईला रात्रीची नोकरी कशाला म्हणून. त्यांना मीच उत्तर दिलं, तिला द्यायला लावलं नाही. तुमच्या मिस्टरांचे कॉल रात्री असतील तर सकाळी सात ते अकरा मुलगी त्यांच्याकडे द्या, सासूबाईंना तेवढी विश्रांती. आणि आठवड्यात एक सुट्टी दोघांची एकाच दिवशी पाडून घ्या. रोस्टर लागायच्या आधी मागितली तर मिळते.

बुलेटिनवाली:
दादा, राग नाही, बरोबर बोललात, आज रात्रीच बोलते त्याच्याशी. डिजिटलचं मेलवर मागते, सहा महिन्यांसाठी. अजून एक, बाळासाठी दूध पंप करायला आमच्याकडे ऑफिसात जागाच नाही, वॉशरूममध्ये मला करवत नाही. तुम्ही कुठे करायचात?

ओबीवाली:
मेकअप रूम! दोन बुलेटिनच्या मध्ये अँकर स्टुडिओ फ्लोअरवर असतात तेव्हा रिकामी असते, मेकअपवाल्या ताईंना सांगून ठेव, त्या दाराशी कोणाला येऊ देत नाहीत. बाटलीवर वेळ लिही, ताजं काढलेलं दूध बाहेर चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं, मुंबईच्या उकाड्यात मात्र मी लगेच फ्रीजमध्येच टाकायचे. घरी नेताना आइसपॅकची छोटी बॅग, आणि फ्रीजमध्ये सगळ्यात मागे ठेव, दारात नको.