ज्युनिअर युनिक्स अ‍ॅडमिनला नेमकं काय यायला हवं?

रात्रपाळीवाला: नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीची जाहिरात पाहिली. पद ज्युनिअर सिस्टीम अ‍ॅडमिनचं, अनुभव एक-दोन वर्षं, आणि मागणी कुबरनेटीस, टेराफॉर्म, अ‍ॅन्सिबल अशी ढीगभर सर्व्हर एकदम उभे करायची, सांभाळायची टूल्स, वर क्लाउडचं सर्टिफिकेट. ज्युनिअर कशाला म्हणायचं मग?

मी मुलाखत घेतो तेव्हा एकच गोष्ट खोदून विचारतो. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतं डिस्क १०० टक्के भरली, फाइलींची बेरीज करणारं डीयू मात्र निम्मीच दाखवतं. बाकीची जागा गेली कुठं? होतं असं की कुणीतरी भलीमोठी लॉग फाइल (नोंदींची फाइल) आरएम कमांडने उडवलेली असते, पण सर्व्हिसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, ती उघडीच धरून ठेवलेली असते. सर्व्हिस ती सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. कुणी कोणती फाइल उघडी धरलीय ते दाखवणारं एलएसओएफ लावलं की चोर सापडतो. उत्तर नाही आलं तरी चालेल, पण पोरगं कुठून शोधायला लागतं ते मला बघायचं असतं.

बुटीबोरी_लोकल: भाऊ, हे जुन्या जमान्यातलं कोडं झालं. आमच्याकडे सर्व्हर बिघडला की त्याला कुणी तपासत बसत नाही, तो काढून नवा उभा राहतो. ज्युनिअरला कोडमधले बदल नोंदवणारं गिट यावं, सेटिंगच्या यॅमल फाइली वाचता याव्यात, सर्व्हरवरचा बदल कोडमधून करता यावा. एलएसओएफ गरज पडली की शिकेल.

रात्रपाळीवाला: नवा सर्व्हर त्याच इमेजमधून (तयार साच्यातून) येतो ना? जुने लॉग काढून टाकणारं लॉगरोटेट चुकीचं लावलेलं असेल तर तोही भरणारच. आणि डेटाबेसची मशीन अशी काढून फेकता का तुम्ही?

फ्रेशर_नंदनवन: माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच चालणारे सर्व्हर) लावल्या तर कसंबसं चालते, कुबरनेटीसचा क्लस्टर टाकला की माउसही हलत नाही. पण रेझ्युमेवर ते नाव नसलं तर एचआर पुढे पाठवतच नाही. तुमच्या डीएफ-डीयूपर्यंत आम्ही पोचतच नाही, सर.

वऱ्हाडी_रूट: काहून भांडून राहिले बाप्पा? कमांड तर कोणालेही येते. कधी चालवाची नाही, ते येत नाही. आमच्याकडे एका पोराले 'परमिशन डिनाइड' आलं, त्यानं सगळ्या होम डिरेक्टरीवर सीएचमॉड ७७७ मारलं, म्हंजे सगळ्यायले सगळी परवानगी, तेही रिकर्सिव्ह, आतल्या सगळ्या फाइलींवर! झालं, पासवर्डऐवजी की-फाइल वापरून होणारं एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिराचं) लॉगिन बंद. फाइल दुसऱ्याले लिहिता येत असंल तर एसएसएच त्या कीवर भरोसाच ठेवत नाही. वरून पोरगा सांगते, "मी काहीच नाही केलं." आधी काय होतं, मी काय बदललं, एवढं तिकिटात लिहून ठेवणारा पोरगा मले द्या, बाकी मी शिकवतो.

बुटीबोरी_लोकल: प्रॉडक्शनवर (खऱ्या चालू सर्व्हरवर) रूट, म्हणजे सगळे अधिकार, दिलाच कशाला त्याला? दोष पोराचा नाही, तुमचा. बदल रिव्ह्यूतून गेला असता तर ७७७ तिथंच अडकलं असतं.

वऱ्हाडी_रूट: रात्री दोन वाजता रिव्ह्यू कोण करते, तुम्ही?

बुटीबोरी_लोकल: ऑन-कॉलवाला सीनिअर. पगार त्याचाच घेतो तो.

फ्रेशर_नंदनवन: मग मी रेझ्युमेत काय लिहू?

बुटीबोरी_लोकल: कुबरनेटीस लिही, पुढचं पुढे पाहू.

रात्रपाळीवाला: लिहिलंस तर मी त्यावरच विचारीन. त्या दोन मशीनवर काय काय मोडलं आणि कसं सुधारलं, ते लिही.