वाइड सिने झूमच्या रुंद टोकाला कोपरे काळे पडतात

प्रश्न
नमस्कार. सुपर ३५ (सिने कॅमेऱ्यांतला एक प्रचलित सेन्सर आकार) साठी बनवलेली, १८ मि.मी.पासून सुरू होणारी एक सिने झूम लेन्स मी सध्या वापरत आहे. रुंद टोकाला, टी २.८ वर (टी हे लेन्समधून प्रत्यक्ष येणाऱ्या प्रकाशाचे माप, आकडा लहान तितका प्रकाश जास्त), चौकटीचे चारही कोपरे ठळकपणे काळवंडतात, २२ मि.मी.च्या पुढे गेले की दोष जवळपास नाहीसा होतो. लेन्ससमोर दोन ट्रेचा मॅटबॉक्स (फिल्टर धरणारी आणि आडवा उजेड अडवणारी पेटी) आहे आणि चित्रण ओपन गेटमध्ये, म्हणजे पूर्ण सेन्सर वापरून, होते. हा दोष लेन्सचा, मॅटबॉक्सचा की सेन्सरच्या आकाराचा, हे कसे ओळखावे? आणि ग्रेडिंगमध्ये (चित्रणानंतर रंग आणि उजेड सुधारताना) तो कितपत दुरुस्त होतो?

उत्तर १
प्रथम मॅटबॉक्स आणि सर्व फिल्टर उतरवून, एकसारखा उजेड असलेल्या पांढऱ्या भिंतीचे १८ मि.मी.वर चित्रण करा. टी २.८, टी ४ आणि टी ५.६ असे तीन शॉट घ्या आणि एक्स्पोजर सारखे राहावे म्हणून फक्त शटर बदला. त्यानंतर डोळ्यांवर विसंबू नका, वेव्हफॉर्म (चौकटीतल्या उजेडाचा आलेख) पाहा. ॲपर्चर लहान करताच कोपरे उजळले, तर तिरप्या येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग लेन्सच्या नळीच्या कडेने अडत होता असे समजावे, आणि असा दोष एक-दोन स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) बहुधा निवळतो. ॲपर्चर बदलूनही मध्यापासून कडेकडे जाणारा मंद उतार तसाच राहिला, तर तो रुंद कोनाचा स्वाभाविक परिणाम आहे: कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने प्रकाश घटतो, आणि १८ मि.मी.वर सुपर ३५ च्या कोपऱ्यात कोन सुमारे ४१ अंश होत असल्याने नुसत्या गणिताने दीड स्टॉपहून अधिक घट निघते. प्रत्यक्षात रेट्रोफोकस रचनेमुळे (यात लेन्सची मागची काच सेन्सरपासून लांब राहते आणि किरण सेन्सरवर कमी तिरपे पडतात) ती बरीच कमी असते. मात्र ॲपर्चर लहान केल्यावर काळ्या भागाची कड उलट अधिक धारदार झाली, तर काहीतरी प्रत्यक्ष आड येत आहे किंवा लेन्सचे इमेज सर्कलच (लेन्स सेन्सरवर पाडते ते गोल चित्र) तिथे संपते आहे. टी-स्टॉपचा आकडा चौकटीच्या मध्याचा असतो, त्यामुळे कोपऱ्यातली ही घट त्यात कधीच दिसत नाही.

उत्तर २
मला ओपन गेटचा संशय अधिक वाटतो. सुपर ३५ च्या २४.९ × १८.७ मि.मी. चौकटीचा कर्ण ३१.१ मि.मी. असतो, तर काही कॅमेऱ्यांचे ओपन गेट त्याहून मोठे असते; ॲरी अलेक्सा मिनीचा कर्ण सुमारे ३३.६ मि.मी. भरतो. सुपर ३५ च्याच २४.९ मि.मी. रुंदीची १६:९ चौकट घेतली तर कर्ण साधारण २८.६ मि.मी.वर येतो आणि कोपरे आपोआप वाचतात. अंतिम चित्र १६:९ मध्येच जाणार असेल, तर ओपन गेटचा हट्ट सोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरेल.
इमेज सर्कल वाढवणारा १.४ पट एक्स्पांडर मिळतो, पण त्याने एक स्टॉप प्रकाश जातो आणि १८ चे सुमारे २५ मि.मी. होते, म्हणजे मोठ्या सेन्सरवरही दृश्याचा कोन पूर्वीइतकाच राहतो.

उत्तर ३
मॅटबॉक्सबाबत थोडे. दुसरा ट्रे लेन्सपासून जितका पुढे, तितका तो रुंद टोकाला चौकटीत शिरण्याचा धोका मोठा. एनडी (रंग न बदलता प्रकाश कमी करणारा फिल्टर) कॅमेऱ्याच्या आत असेल तर तो वापरून एक ट्रे काढून टाका, अन्यथा ४ × ५.६५ ऐवजी ६ × ६ इंचांचा मॅटबॉक्स घ्या. ही तपासणी फोकसच्या दोन्ही टोकांना करा, कारण फोकस बदलताना दृश्याचा कोनही बदलतो (याला ब्रीदिंग म्हणतात) आणि अनंतावर स्वच्छ दिसलेला कोपरा जवळच्या फोकसला अडू शकतो, किंवा याच्या उलट घडू शकते.

उत्तर ४
ग्रेडिंगचे विचारले आहे म्हणून सांगतो. मंद उतार दुरुस्त होतो. पूर्ण काळ्या कोपऱ्यात माहितीच नसते, तिथे चौकट कापण्यावाचून मार्ग नाही. उताराच्या दुरुस्तीसाठी त्याच फोकल लेंथ, फोकस आणि ॲपर्चरवर पांढऱ्या भिंतीचा एक शॉट घेऊन ठेवा आणि लिनिअर प्रकाशमानात (जिथे आकडे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात असतात) मूळ चित्राला त्याने भागा. शॉटमध्येच झूम बदलत असेल तर एक शॉट पुरणार नाही. कोपरा एक स्टॉप उचलला की तिथला नॉइजही (चित्रातले दाणेदार खडे) तितकाच वर येतो, म्हणून अंधाऱ्या दृश्यांत मी पूर्ण दुरुस्ती करत नाही, अर्ध्यावर थांबतो. व्हीएफएक्सच्या शॉटसाठी मात्र भिंतीचा तो शॉट प्रत्येक सेटिंगला घेऊन कंपोझिटरकडे (चित्राचे थर जोडणाऱ्याकडे) द्यावा, कारण कीइंग (हिरवी-निळी पार्श्वभूमी काढणे) आणि ट्रॅकिंगच्या (चित्रातल्या हालचालीचा माग काढण्याच्या) वेळी असमान कोपरे त्यांना फार त्रास देतात.