मामा तलावाखालच्या ओलीतलं पिवळं फूल: ओळख आणि बियांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाव साकोली तालुक्यात, जिल्हा भंडारा. मालगुजारी, म्हणजे इकडची जुनी जमीनदारी, 1951 मध्ये गेली, पण आमचा तलाव अजून मामा (माजी मालगुजारी) तलावच. त्याच्या पाळीखाली अर्धा एकर पडीक आहे. पाझरामुळे दिवाळीपर्यंत पाय रुततो, म्हणून तिथं कोणी धानाची बांधी काढली नाही, गवतच राहिलं. रोवणी आटोपली की त्या गवतात एक पिवळं फूल येतं आणि पोळ्यानंतर ती सगळी ओल पिवळी होते. लहानपणापासून पाहत आलो, नाव मात्र माहीत नाही.

झाड वीत-दीड वीत, पसरट. फूल बारीक, वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचं. पानं चिंचेच्या पाल्यासारखी संयुक्त, पण जोड्या कमी. कडेला राठ केस. बोट लावलं की मिटतात, पण लाजाळूइतकी झटकन नाही, आणि काटा कुठंच नाही. ढोरं आवडीनं खातात.

मागच्या उन्हाळ्यात खोलीकरण झालं. गाळ वावरात जायचा होता, पण बराचसा त्या ओलीवरच पडला. यंदा ढिगावर बेशरम अन् गाजरगवत आहे, फूल एकही नाही. उरलेल्या तुकड्यात अजून आहे, पण येत्या उन्हाळ्यात मशीन पुन्हा येणार. तलाव खोल व्हावा, पाणी टिकावं, याला माझी ना नाही. पण पाळीखालची ओलही तलावाचीच आहे, हे सभेत कसं सांगू? हा कवला असेल का? बी कधी धरायचं?

प्रतिसाद:
दादा, वर्णनावरून कवलाच वाटतो, शास्त्रीय नाव स्मिथिया. आमच्याकडे रायगडात पावसाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी करतात. पण फोटोवरून खात्री होईपर्यंत तुम्ही खाऊ नका. कास पठारावर ज्याला मिकी माऊस म्हणतात ते याच कुळीतलं, त्याच्या वरच्या पाकळीवर दोन तांबडे ठिपके असतात. तुमच्या फुलावर आहेत का पाहा.

झाड वर्षायू आहे, दरवर्षी बियांतूनच उगवतं. त्यामुळे शेंग पिकायच्या आत कापलं किंवा चारलं तर पुढच्या वर्षाचं बी गेलं. शेंग शोधावी लागते: तिचे सांधे घडी घालून सुकलेल्या पुष्पकोशातच (फुलाच्या बुडाच्या वाटीतच) दडलेले असतात. कोश तपकिरी झाले की झाडं उपटू नका, शेंडे तेवढे खुडून कागदाच्या पिशवीत सावलीत वाळवा. मशीन येणारच असेल तर वरची तीन-चार बोटं माती आधी खरवडून बाजूला ठेवा. पडलेलं बी तिच्यातच असतं. ती पाणी झिरपणाऱ्या दुसऱ्या जागी पातळ पसरा, गाळाच्या ढिगावर नको.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. ठिपके उद्या सकाळीच पाहतो, फोटोही टाकतो. माती खरवडायला चार पोरं मिळतील. एकच अडचण आहे: धान निघालं की गावची ढोरं मोकळी सुटतात. त्याआधी कोश तपकिरी झाले नाहीत, तर हिरव्यावर खुडलेलं बी उगवेल का?