मदत हवी आहे: ओएसटीवरचा मावसभाऊ आर्थर रोड तुरुंगात, गोळ्या बंद

अँटॉप_हिल

मावसभाऊ, वय २९, गर्द (भेसळीचं हेरॉइन) ओढायचा. ओएसटी (गर्दऐवजी देखरेखीखाली औषध देण्याचा उपचार) केंद्रातून ब्युप्रेनॉर्फिन हे औषध ८ मिलिग्रॅम रोज चालू होतं. मध्ये दहा-बारा दिवस केंद्रात गेला नाही आणि पुन्हा पन्नीवर गर्द ओढणं सुरू झालं. परवा पोलिसांनी धरलं. पंचनाम्यात १.८ ग्रॅम गर्द, कलमं एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) ८(सी), २१(ए), २७. न्यायालयीन कोठडी मिळाली. टर्की (नशा बंद झाल्यावरचा त्रास) जोरात आहे, उलट्या-जुलाब चालू. मुलाकातीत गोळ्या देता येतील का? मावशी म्हणते, महिनाभर आत राहू दे, आपोआप सुटेल. ओळखीचे वकील म्हणतात, गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. तुमचं मत हवंय.

फौजदारी_बाजू

गोळ्या मुलाकातीत अजिबात नेऊ नका. ब्युप्रेनॉर्फिन एनडीपीएसच्याच यादीत आहे, तुमच्यावर वेगळा गुन्हा होईल.

कबुलीची घाई नको. शिक्षा किरकोळ वाटते (२१(ए) आणि २७, दोन्हीत कमाल एक वर्ष किंवा दंड किंवा दोन्ही), पण दोषसिद्धी नोंदली जाते, आणि पुढे परत सापडला तर कलम ३१ खाली कमाल शिक्षा दीडपट होते. हेरॉइनची 'अल्प मात्रा' ५ ग्रॅमपर्यंत. भेसळीसकट वजन धरायचं हे सुप्रीम कोर्टाने हिरा सिंग निकालात २०२० साली सांगितलं, तरी १.८ आतच बसतं. अशा माणसासाठी कलम ६४ए आहे: व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार असेल तर २७ आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यात खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. समजा दोषी ठरलाच, तरी कलम ३९ खाली कोर्ट त्याच्या संमतीने त्याला उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकतं.

रिमांडचा कागद स्वतः वाचा. २७ च्या जागी २७ए पडलेलं नाही ना, हे आधी बघा. ते पैसा पुरवण्याचं कलम आहे, तिथे जामिनाला कलम ३७, म्हणजे जामिनाच्या कडक अटी, आडवं येतं. एका अक्षराचा फरक आहे, आणि कागद चाळताना तोच नजरेतून सुटतो.

जामीन अर्ज आणि उपचाराचा अर्ज एकाच दिवशी, पण वेगवेगळे द्या. एकत्र दिले की जामिनाला तारीख पडते आणि उपचारही तिथेच अडकतो. उपचाराच्या अर्जात मागणी नेमकी हवी: तुरुंग वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ओपिऑइड अवलंबित्वासाठी (गर्दसारख्या अफूवर्गी नशेचं व्यसन) तपासावं, ब्युप्रेनॉर्फिन सुरू करावं किंवा जे. जे.च्या मानसोपचार विभागात पाठवावं, त्यासाठी पोलीस गार्ड द्यावा, आणि पुढच्या तारखेला अहवाल सादर करावा. गार्डचं वाक्य विसरू नका, रुग्णालयाची फेरी बहुतेक वेळा गार्ड मिळत नाही म्हणूनच रद्द होते.

मनोविकार_ओपीडी

अर्जाला जोडायचं पत्र ओएसटी केंद्राच्या लेटरहेडवर घ्या. त्यात नोंदणी क्रमांक, रोजचा डोस, शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला, निदान (आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड एफ ११.२) आणि डॉक्टरांची सही-शिक्का. 'रुग्ण आमच्याकडे येतो' एवढ्या एका ओळीवर तुरुंगातला डॉक्टर गोळी सुरू करणार नाही.

दहा-बारा दिवस खंड पडलाय, म्हणजे एकदम ८ वर नेत नाहीत. टर्की स्पष्ट दिसत असताना २ ते ४ मिलिग्रॅम, मग तास-दोन तास बघून २-२ ने वाढवायचं. गर्द अंगात असतानाच गोळी दिली तर टर्की झटक्यात दुप्पट होते, पण परवापासून आत आहे म्हटल्यावर इथे ती भीती नाही. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळायला हवी, गिळली की वाया गेली. तुरुंग प्रशासनाला काळजी असते ती गोळी तोंडातून काढून बराकीत विकली जाण्याची. त्यावर उपाय म्हणजे पूड करून देणं, पाच-दहा मिनिटं समोर बसवणं आणि तोंड तपासणं. अर्जातच हे लिहा, नकाराचं निम्मं कारण संपतं.

तोवर ओआरएस, जुलाबासाठी लोपेरामाइड, उलटीची गोळी, आणि टर्कीचा त्रास कमी करायला रक्तदाब बघून क्लोनिडीन ०.१ मिलिग्रॅम (९०/६० च्या खाली असेल तर द्यायचं नाही). गर्दच्या टर्कीने सहसा जीव जात नाही, पण सततच्या उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडून जाऊ शकतो. लघवी बंद, उभं राहताच भोवळ, असं काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. आणि एक नक्की विचारा, सोबत दारू किंवा 'बटन' (नायट्राझेपाम, झोपेची गोळी) होतं का? त्यात फिट येऊ शकते, हे तुरुंगातल्या डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

चुनाभट्टीकर

ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे एक नशा सोडून दुसरी. सुटून आला की नालट्रेक्सोन (गर्दचा असर अडवणारी गोळी) सुरू करा ना. जेवणातून दिलं तरी चालतं.

मनोविकार_ओपीडी

जेवणातून? कृपा करून असले सल्ले इथे देऊ नका. शेवटच्या गर्दनंतर किमान ७ ते १० दिवस कोरडे गेल्याशिवाय नालट्रेक्सोन दिलं तर भयंकर टर्की होते, आणि गुपचूप दिलं तर घरच्यांवरचा विश्वास कायमचा जातो. त्याला स्वतःला घ्यायचं असेल तर डॉक्टरांकडे पर्याय आहे. ब्युप्रेनॉर्फिनवर माणूस कामाला जातो, पुडीमागे धावत नाही. नशेचा हिशोब तिथेच वेगळा होतो.

अँटॉप_हिल

आणि मावशीचं, 'आपोआप सुटेल'?

मनोविकार_ओपीडी

टर्की आठ-दहा दिवसांत ओसरते, ओढ ओसरत नाही. आत असताना शरीराची सहनशक्ती मात्र उतरते. बाहेर येऊन माणूस जुन्याच मापाने ओढतो आणि श्वास थांबतो. सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. म्हणून आत गोळी चालू राहणं हेच त्याचं संरक्षण. जामिनाचा कागद पोचून सुटका व्हायला संध्याकाळ होते, केंद्र बंद झालेलं असतं. त्या रात्री एकटं सोडू नका, सकाळी केंद्र उघडताच हजर.

नॅलॉक्सोन (गर्दचा अतिडोस उतरवणारं औषध) ०.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेऊन ठेवा, टोचायचं कसं तेही शिकून घ्या. ओठ निळे, बाहुल्या टाचणीएवढ्या, घोरण्यासारखा गुरगुराट दिसला तर १०८ लावा, तोंडाने दर पाच सेकंदांना एक श्वास द्या, इंजेक्शन मांडीच्या स्नायूत. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसरं. जागा झाला तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण औषधाचा जोर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावतो. मिठाचं पाणी, दूध, थंड पाण्याची अंघोळ, यात वेळ घालवू नका.

अँटॉप_हिल

पत्र उद्या सकाळी मिळतंय. त्या वकिलांना पुढे ठेवायचं नाही, पण दुसऱ्याची फी झेपणार नाही.

फौजदारी_बाजू

कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. हेल्पलाइन १५१००, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात पत्राची प्रत घेऊन जा. त्याने आतून अर्ज दिला तरी चालतो, तुरुंगात विधी सहाय्य कक्ष असतो. नव्या वकिलांना पहिलंच वाक्य सांगा: ६४ए आणि उपचाराचा अर्ज, कबुली नाही.