वडिलांचे क्रिएटिनिन २.१ आले आहे. डायलिसिस लागेल का?

बागाईतदार_तासगाव: वडिलांच्या किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन २.१ आल्यावर डॉक्टरांनी गोळ्या लिहून महिन्याने बोलावले आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा डायलिसिसचे नाव काढतो, त्यामुळे आई रडकुंडीला आली आहे. डायलिसिस लागणार का आणि जेवणात काय बंद करायचे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

मिरजकर: वय, मधुमेह, रक्तदाब, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्या सांगितल्याशिवाय काय सांगणार? २.१ हा आकडा एखाद्या वृद्ध स्त्रीचा असता, तर तो याहून गंभीर ठरला असता.

कृष्णाकाठ: आमच्या मेहुण्यांचा खडा पानफुटीच्या पानांनी आणि कुळथाच्या कढणाने पडला. रोज पाच लिटर पाणी आणि सकाळी शहाळे द्यावे.

मिरजकर: खड्याचा विषय कोणी काढला?

बागाईतदार_तासगाव: वय ६७ आहे. मधुमेह जुनाच आहे, या वयात तो कोणाला नसतो? दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन १.८ होते, आता पोटॅशियम ५.६ आहे. नवी गोळी टेल्मिसार्टनची, म्हणजे रक्तदाबाची आहे. गुडघ्यांसाठी ते मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून रोज घेतात, पण ती किडनीची गोळी नव्हे.

मिरजकर: खरी गोष्ट तुम्ही शेवटी सांगितलीत. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांमुळे किडनीचा रक्तपुरवठा घटतो आणि पोटॅशियमही वाढू शकते, म्हणून ती गोळी आजच थांबवून डॉक्टरांना कळवा. या वयाच्या पुरुषाला २.१ म्हणजे जीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची गती) सुमारे ३४, अर्थात किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या टप्प्याचा उत्तरार्ध; डायलिसिसचा विचार साधारणतः तो १५च्या खाली गेल्यावर आणि त्रासाची लक्षणे पाहून होतो. लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर मात्र तपासून घ्या, कारण आजार किती वेगाने वाढेल याचा अंदाज त्यावरून येतो.

वाळव्याची_सून: टेल्मिसार्टनने सासऱ्यांचे क्रिएटिनिन वाढले, म्हणून आम्ही ती बंदच केली. तुम्हीही करा.

मिरजकर: ताई, असा सल्ला देऊ नये. ही गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तरी ते सहसा चालवून घेतात, कारण लघवीतून प्रथिने जात असतील तर हीच गोळी किडनीला जपते. परंतु पोटॅशियम ५.६ इतके जास्त असताना महिनाभर थांबणे बरे नव्हे. एकदोन दिवसांतच डॉक्टरांना तो आकडा दाखवा, गोळीचे काय करायचे ते तेच ठरवतील. धडधड किंवा एकाएकी अशक्तपणा जाणवल्यास लगेच दवाखाना गाठा. शहाळे, केळी आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ तूर्त वर्ज्य समजा, कारण त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. साधे मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवे, आणि आपल्याकडे लोणचे, पापड व खारवलेल्या शेंगदाण्यांतच ते संपते.

कृष्णाकाठ: सैंधव चालेल ना?

मिरजकर: तेही मीठच आहे.

बागाईतदार_तासगाव: उद्याच दवाखान्यात जातो. पण गुडघ्यांचे काय? गोळीशिवाय त्यांना बागेत वाकता येत नाही.

मिरजकर: पॅरासिटामॉल किती चालेल, ते उद्याच विचारा. आणि छाटणीला दुसरा माणूस लावा.