ऑफिसचा कॉम्प्युटर: नवीन घेण्याआधी जरा थांबा

सी-२०३ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या ऑफिसचा कॉम्प्युटर आज पुन्हा अडला. मेल उघडत नाही, बँकेची साइट उघडत नाही, जिथे जावं तिथे 'कनेक्शन सुरक्षित नाही' येतंय. दुरुस्तीवाले म्हणाले, २०१६चं मशीन, विंडोज ११ चढणार नाही, नवीनच घ्या. रविवारच्या मीटिंगला विषय घेते.

ए-१०४: घेऊन टाका. दर आठवड्याला हेच रडगाणं.

बी-५०२: ताई, दर आठवड्याला म्हणजे नेमका कुठला वार?

सी-२०३: हो की, शुक्रवारच असतो! सुरू करताना काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी येतं. एफ १ दाबलं की पुढे जातं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

बी-५०२: खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?

सी-२०३: १ जानेवारी २०१६ 😳

बी-५०२: मग खरेदीचा विषय थांबवा, ताई. गुरुवारी आपल्याकडे चार-पाच तास लाइट नसते. एरवी कॉम्प्युटर बंद केला तरी सॉकेटचं बटण चालू असेपर्यंत मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला) थोडी वीज मिळत राहते आणि आतलं घड्याळ चालतं. लाइट पूर्ण गेली की ते घड्याळ बोर्डावरच्या एका चपट्या सेलवर चालतं. सीआर २०३२, ३ व्होल्ट. तो संपलाय. शुक्रवारी मशीन उठतं तेव्हा त्याला आपली तारीखच आठवत नाही, आणि त्या काळ्या स्क्रीनवर ते तेच सांगत असतं.

ए-१०४: पण तारखेचा आणि बँकेच्या साइटचा काय संबंध?

बी-५०२: काका, प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध, असं त्यावर लिहिलेलं असतं. आपलं मशीन स्वतःला २०१६ सालात समजतंय, त्यामुळे आजचं प्रमाणपत्र त्याच्या हिशेबाने अजून सुरूच झालेलं नाही. ब्राउझर अडवतो ते बरोबरच करतो. त्या सूचनेखाली 'तरीही पुढे जा' असं दिसलं तर कृपा करून कुणी दाबू नका, बँकेच्या साइटवर तर अजिबातच नाही.

ताई, आजच्यापुरतं एवढं करा. घड्याळावर राइट क्लिक, 'अ‍ॅडजस्ट डेट/टाइम', आपोआप वेळ लावण्याचं बटण बंद करून तारीख-वेळ हाताने भरा. टाइम झोनमध्ये 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' आहे ना तेही बघा. मग ते बटण पुन्हा चालू करून 'सिंक नाउ'. घड्याळ इतकी वर्षं मागे गेलं की बऱ्याचदा विंडोज ते आपणहून सुधारत नाही, म्हणून आधी हाताने.

सी-२०३: केलं. बँक उघडली!! 🙏

बी-५०२: छान. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. उद्या सकाळी मी येऊन बदलतो. घरी कुणाला करायचा असेल तर आधी प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. सेल बहुधा बोर्डावर आडवा असतो, तेव्हा अधिकची खूण वर. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं.

डी-६०१: पण आपल्या मशीनवरचं विंडोज १० बंद झालंय हे तर खरं ना? दुरुस्तीवाला अगदीच चुकीचं बोलला नाही.

बी-५०२: खरं आहे, आजोबा. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपला सहाव्या पिढीचा. पण घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून मिळतात, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप ठेवला तर पैसेही लागत नाहीत. आपलं मशीन त्यात बसतं का ते सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर बघतो. बसत नसेल तर त्यावरून बँकेचं काम करायचं नाही, या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

दुसरा रस्ता लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. मेल, नोटिसा, पत्रं, सगळं होतं. फक्त आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं आहे, त्याचं काय ते आधी ठरवावं लागेल.

आणि ताई, मेंटेनन्सच्या सगळ्या पावत्या त्या एकाच जुन्या डिस्कवर आहेत. नवं-जुनं पुढे ठरू दे. उद्या सेलच्या आधी मी बाहेरच्या डिस्कवर कॉपी घेणार आहे. १४४ घरांचा हिशेब आहे तो.

डी-६०१: उद्या येशील तेव्हा अक्षरं मोठी करून दे बाबा. खजिनदार म्हणून मीच बसतो तिथे.

बी-५०२: नक्की, आजोबा. डिस्प्लेमध्ये स्केल १२५ टक्के करतो, सगळंच मोठं दिसेल.

ई-३०२: दादा, माझाही एक प्रश्न. ऑफिसमधून आलेली मराठी नोटीस माझ्या लॅपटॉपवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

बी-५०२: ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. फाइलमध्ये मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच कोडमध्ये, टाइप केलं की कुठेही वाचता येतं. सेटिंग्जमध्ये लँग्वेजखाली मराठी जोडायची, मराठी फोनेटिक कीबोर्ड घ्यायचा, मग कीबोर्डवरची विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून भाषा बदलायची. ताई, उद्या तुमच्याकडून एक नोटीस टाइप करून घेऊ.

सी-२०३: चालेल. पाणीकपातीची नोटीस लावायचीच आहे. साडेदहाला ऑफिस उघडते.